कोळ्याची भीती आणि विंचवाचा दंश

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात शिक्षकाने अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. त्या विषयांवर आपण दरवर्षी ऐकता आणि दरवर्षी मान डोलावता. आज मी निराळाच विषय घेतला आहे. तो घेण्यास कारण घडले गेल्या पावसाळ्यात. वसतिगृहातील पाच-सहा मुलांच्या मानेवर आणि गालावर एका रात्रीत लाल पट्टे उठले, दुसऱ्या दिवशी त्यांवर फोड आले आणि आग होऊ लागली. कोणीतरी म्हणाले, विषारी कोळी फिरला. संध्याकाळपर्यंत ही वार्ता सगळ्या मोहल्ल्यात पोचली. तीन पालक मुलांना घरी न्यायला आले. एका गृहस्थांनी तर खोलीच्या भिंतीवरचे झाडून सारे कोळी मारून टाकले. त्याच सुमारास शाहूवाडीकडील एका घरी लहान मुलाला विंचू चावल्याची हकिकत माझ्या कानावर आली. तेथे मात्र कोणीही घाबरले नव्हते. चिंचोका उगाळून लावला, एका जाणत्या माणसाला बोलावून विंचू उतरवून घेतला आणि मुलाला झोपवले. मूल सुदैवाने बचावले.

जेथे भिण्याचे कारण नाही तेथे आपण धावाधाव करतो, आणि जेथे खरोखर धावायला हवे तेथे स्वस्थ बसतो, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. वैद्यक हा माझा विषय नव्हे. म्हणून डॉक्टरांना विचारून आणि छापील माहिती वाचून जे नक्की समजले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम कोळ्याविषयी. कोळ्याबद्दल आपल्या घरांतून भीतीबरोबर एक जिव्हाळाही आहे. हिजरतीच्या वेळी गारे-सौरच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणल्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे, आणि कुरआन शरीफच्या एकोणतिसाव्या सूरेचे नावच अल्-अन्कबूत, म्हणजे कोळी, असे आहे. तरीही अंगावर फोड उठला की 'मकडी मूत गई' असे म्हणून आपण त्याच बिचाऱ्या प्राण्यावर आळ घेतो. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. जवळजवळ सर्वांच्या जबड्यात विष असते हे खरे, पण ते माशी, झुरळ, नाकतोडा यांना लुळे करण्यापुरते. बहुतेक कोळ्यांचे दात माणसाची कातडी भेदूही शकत नाहीत. ज्यांचे भेदतात त्यांच्या चाव्याने गांधील माशी चावल्यासारखी आग व सूज होते आणि एक-दोन दिवसांत उतरते.

आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो, जो कधी कधी पोटाशी पांढऱ्या चकतीसारखी अंड्यांची पिशवी धरून बसलेला असतो. त्याला पाहून बायकामुले किंचाळतात. तो जाळे विणत नाही, रात्रभर झुरळे पकडतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

धोकादायक कोळी मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. 'ब्लॅक विडो'च्या कुळातले आणि 'ब्राउन रेक्लूज'च्या कुळातले कोळी आपल्या देशातही आढळल्याच्या नोंदी आहेत. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारा मोठा केसाळ कोळी चावला तर सूज येते आणि स्नायूंत पेटके येतात, म्हणून सहलीला गेल्यावर ढोलीत हात घालू नये. पण अशा दंशाने आपल्याकडे माणूस दगावणे ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या परिसरात 'फनेल वेब' नावाचा खरोखरीच जीवघेणा कोळी आहे. तेथेसुद्धा १९८१ साली त्यावरची लस निघाल्यापासून त्या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

भीतीने काय होते त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०१२ साली आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील सादिया भागात कोळ्यांनी हल्ला केल्याची आवई उठली आणि दोन माणसे दगावल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. पुढे जी माहिती बाहेर आली तीत असे दिसले की, रोग्यांना आधी वैदूकडे नेऊन पात्याने जखम कापून रक्त काढण्यात आले होते. कोळ्याच्या विषानेच माणसे मेली असे काही सिद्ध झाले नाही. मळक्या पात्याने कापलेल्या जखमेचे काय होते हे सांगायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

मग आमच्या मुलांच्या मानेवरचे पट्टे कशाचे? त्वचेच्या डॉक्टरांनी एका दृष्टिक्षेपात सांगितले. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे झेपावणारा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा एक किडा असतो. त्याचे नाव पिडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत तो मानेवर आला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातील रस कातडीला लागतो आणि तेथे भाजल्यासारखे होते. हात जसा फिरला तसा पट्टा उठतो. उपाय एवढाच की तो अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा, आणि रस लागलाच तर साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. झोपताना दिवा बंद करावा, हे आम्ही मुलांना अभ्यास संपल्यावर नेहमीच सांगतो. त्याला आता शास्त्राचाही आधार मिळाला.

येथे वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. पायावर फोड आला, तो काळा पडला, पाय सुजला, ताप आला आणि घरात म्हणतात कोळी चावला. पुष्कळदा तो जंतुसंसर्ग असतो आणि रोग्याला मधुमेह असतो. कोळ्याच्या नावावर आठ दिवस लेप लावण्यात गेले तर बोट किंवा पाय गमवावा लागतो. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी पायावरच्या कोणत्याही फोडाला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. कोळी आणि विंचू हे दोघे एकाच मोठ्या वर्गातले प्राणी. दोघांनाही आठ पाय. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की त्यामुळे यांपैकी एकही प्राणी कीटक नव्हे, कारण कीटकाला सहा पाय असतात. विंचू पिलांना पाठीवर घेऊन हिंडतो, त्यावरून 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण वापरतो. ती अगदी बरोबर आहे. पिले आईला खाऊन टाकतात ही समजूत मात्र खरी नाही. काही दिवसांनी कात टाकून ती आपापल्या वाटेने जातात.

आपल्याकडे ठळकपणे दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा. त्याला पाहून छातीत धडकी भरते, पण तो चावल्यावर बहुधा वेदनेपलीकडे फारसे होत नाही. दुसरा लाल किंवा तांबूस-पिवळसर, अंगाने लहान, नांग्या बारीक पण शेपटी जाड. हा दिसायला किरकोळ. पण भारतातील सर्वांत घातक विंचू म्हणून वैद्यकात ज्याची नोंद आहे तो हाच. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, सौराष्ट्र या भागांत तो आढळतो. 'तो कोकणातला प्राणी, आम्हाला काय त्याचे?' असे कोल्हापूरकरांनी म्हणू नये. घाटाच्या माथ्यावर तो आहेच. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची आजोळे राजापूर, रत्नागिरी, चिपळूण, महाड या बाजूला आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत मुले तिकडे जातात आणि उन्हाळा ते पहिला पाऊस हाच विंचवाचा जोराचा हंगाम. जांभ्या दगडाची गडगी, कौलांचा ढीग, जळणाची लाकडे, शेणी रचलेली खोपी, भिंतीच्या भेगा, ही त्याची घरे.

याच महाडजवळ एक अशी गोष्ट घडली की तिची नोंद जगाने घेतली. ती प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी असे मला वाटते.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे खेडे आहे. तेथील गरीब शेतकरी कुटुंबातला एक मुलगा कष्ट करीत शिकला, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. त्यांचे नाव डॉ. हिम्मतराव बावस्कर. बिरवाडीला त्यांच्यापुढे विंचू चावलेली माणसे येऊ लागली. रोगी घामाने भिजलेला, हातपाय बर्फासारखे थंड, उलट्या चालू, मग धाप, खोकला, तोंडातून गुलाबी फेस, आणि शेवट. तरणीताठी माणसे आणि हसतीखेळती मुले काही तासांत जात. विंचवावर पुस्तकात पाहावे तर थोड्याच ओळी. अॅट्रोपिन, स्टिरॉइड वगैरे देण्याची पद्धत होती, पण तिने माणसे वाचत नव्हती.

ज्या ठिकाणी रात्री दिव्याची खात्री नाही अशा जागी नेमलेला तरुण डॉक्टर साधारणपणे बदलीचा अर्ज करतो. बावस्करांनी वही घेतली. रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची वेळेसह नोंद ठेवू लागले. त्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली, की रोगी वेदनेने मरत नाही. त्याचे हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. हे निरीक्षण १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांतील प्राध्यापकांचे लिखाण जेथे छापले जाते, तेथे महाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातील नोंदी पोचल्या. आमच्या शाळेत प्रयोगशाळा लहान आहे म्हणून कुरकुर करणाऱ्या मुलांनी या वहीचा जरूर विचार करावा.

पुढे ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. झाले आणि पुन्हा त्याच भागात परतले. आधी शिरेतून थेंबाथेंबाने द्यावयाचे एक औषध त्यांनी वापरून पाहिले. गुण येई, पण मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहत बसावे लागे. खेड्यातल्या दवाखान्यात हे कसे जमावे? मग त्यांनी प्राझोसिन नावाची साधी गोळी निवडली. ती काही विंचवासाठी निघालेली नव्हती, वाढलेला रक्तदाब उतरविण्यासाठी डॉक्टर ती देत. १९८६ साली या उपचाराचा अहवाल पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राझोसिनच्या आधी गंभीर लक्षणे झालेल्या शंभरांतील पंचवीस-तीस रोगी दगावत, तेच प्रमाण नंतर एक-दोनवर आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही वाटा आहे. २०२२ साली सरकारने डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री दिली.

ही गोळी काय करते ते शेतकरी पालकांना चटकन समजेल. लाल विंचवाचे विष शरीरातील मज्जातंतूंना डिवचते आणि रक्तात अशा द्रव्यांचा पूर लोटते की शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. उसाला पाणी पाजणारा पंप चालू आहे आणि पुढे कोणी पाइपचे तोंड आवळून धरले, अशी स्थिती समजा. पंप तापतो, धापा टाकतो आणि पाणी मागे तुंबते. हृदय हा पंप, आणि मागे तुंबण्याची जागा म्हणजे फुप्फुस. प्राझोसिन पाइपचे आवळलेले तोंड मोकळे करते. हे जितके लवकर होईल तितके बरे. पंप जळाल्यावर पाइप मोकळा करून काय उपयोग?

या गोळीला पुढे आणखी एक जोड मिळाली. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली, विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनने काढली. साप चावल्यावर देतात ती लस वेगळी. ती विंचवावर चालत नाही. या विंचवाच्या लशीची कसोटीही महाडलाच झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. सत्तर रोगी होते. त्यांपैकी पस्तिसांना नुसते प्राझोसिन दिले आणि पस्तिसांना प्राझोसिन व लस दोन्ही. दहा तासांच्या आत पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे झाले, तर दुसऱ्या गटातील ३२. लस प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. गोळी मात्र स्वस्त आहे.

इतके सारे असूनही मुले का दगावतात? कारण उपचार दवाखान्यात असतो आणि मूल घरात असते. मधले अंतर आपण पालकांनी कापायचे आहे. ते का कापले जात नाही, याचे कारण मला मांत्रिकाच्या यशात दिसते. विंचू चावलेल्यांपैकी पुष्कळांना फक्त वेदना होतात. डंख काळ्या विंचवाचा असतो, किंवा विष थोडेच उतरलेले असते. वेदना काही तासांनी आपोआप ओसरतात. त्या वेळात जो काही उपाय केला असेल, मग तो आघाड्याचे मूळ असो, कांदा असो, मंत्र असो की चिंचोका, त्याला यश मिळते. दहांपैकी आठ वेळा यशस्वी झालेल्या माणसावर गावाचा विश्वास बसणारच. पण उरलेल्या दोघांचे मूल कोणाचे असेल, ते आधी कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या समाजात दम करून घेण्याची, पाणी पढून आणण्याची रीत आहे. तिच्याविषयी मी अनादराने बोलणार नाही. दुवेला कोणी अडवलेले नाही. पण दुवा रिक्षात बसूनही मागता येते. माझ्या परिचयाचे एक वृद्ध मौलवीसाहेब आहेत. दंश झालेले मूल कोणी दारात आणले की ते आधी विचारतात, "गाडी आणली आहे का?" गाडी असेल तर तिच्यात बसून दवाखान्यापर्यंत स्वतः पढत जातात. त्यांच्याकडून आपण सर्वांनी शिकावे.

धोक्याच्या खुणा आता नीट ऐकून घ्या, विशेषतः माताभगिनींनी, कारण मूल त्यांच्याजवळ असते. पहिली गोष्ट थोडी उलटी वाटेल. मूल वेदनेने आकांत करीत आहे, पण अंग कोरडे आणि हातपाय उबदार आहेत, तर ते त्या मानाने बरे चिन्ह आहे. मूल फारसे रडत नाही, डंखाच्या जागी दुखणे थोडेच आहे, पण अंगाला दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत, तोंडातून लाळ गळते आहे, हातपाय गार पडले आहेत, तर तो विषाचा खरा जोर आहे. 'शांत झाले, बरे झाले' असे समजून झोपवलेली मुले अशीच हातची जातात. मुलग्यांत आणखी एक लक्षण असते, ते म्हणजे इंद्रिय ताठरणे. सभेत हे बोलताना संकोच वाटतो, परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची खूण आहे, तेव्हा लाजेने लपवू नये. यानंतर खोकला, धाप आणि फेस येऊ लागला म्हणजे फुप्फुसात पाणी भरू लागले. हे अर्ध्या तासातही होऊ शकते किंवा काही तासांनीही. लहान मुलांना धोका अधिक, कारण विंचू विष टोचताना समोर बाळ आहे की पैलवान हे पाहत नाही.

लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट पाहू नका, तडक निघा. मोठ्या माणसाला वरीलपैकी एकही खूण दिसली तरी निघा. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, कोल्हापुरात असाल तर सीपीआर. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. जवळ जीप उभी असेल तर तीही चालेल. किती वाजता चावला ते कागदावर लिहून घ्या, डॉक्टर तोच प्रश्न प्रथम विचारतील. वाटेत फडक्यात बर्फ गुंडाळून डंखाच्या जागेवर धरला तर वेदना कमी होते. उलटी होत असेल तर मुलाला कुशीवर वळवा. दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. विंचू शोधण्यासाठी अंधारात दगड उलटत बसू नका, नाही तर एकाऐवजी दोन रोगी न्यावे लागतील. दवाखान्यात डॉक्टर एक दिवस ठेवून घ्यायचे म्हणाले तर 'आता तर बरा आहे' म्हणून मुलाला उचलून आणू नका. गोळी दिल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून ती घेतलेल्या रोग्याला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उठवून बसवायचे किंवा चालवायचे नसते. नातेवाईक भेटायला येतात आणि प्रेमाने रोग्याला उठवून चहा पाजतात. हे प्रेम जरा आवरावे.

विंचू चावूच नये यासाठी साध्या सवयी पुरतात. अंथरूण झटकून टाकावे, भिंतीला लावून टाकू नये, शक्य तर खाटेवर झोपावे. रात्री परसात जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी असावी. शेणी किंवा जळण काढताना आधी काठीने हलवावे. बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. शाळेच्या व्हरांड्यात किंवा मशिदीच्या पायऱ्यांवर तासभर काढून ठेवलेल्या बुटालाही हे लागू आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीसाठी बीडकडून आलेली कुटुंबे आपल्या गावांच्या शिवेवर पाल्याच्या खोपीत जमिनीवर झोपतात. त्यांची मुले आपल्या शाळांतही बसतात. या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचवायला आपल्या विद्यार्थ्यांइतके चांगले कोणी नाही. आणि विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी एक गंमत. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधारात विंचवावर धरला तर त्याचे सारे अंग हिरव्या-निळ्या प्रकाशाने चमकते. पाहायचे ते मोठ्या माणसाबरोबर आणि लांबून.

भाषणानंतर काही चिठ्ठ्या आल्या. त्यांची उत्तरे या छापील पाठात जोडतो.

एका पालकांनी विचारले की, प्राझोसिनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्या का? ठेवू नयेत. मात्रा वजनावर ठरते आणि रक्तदाब पाहून पुढची गोळी द्यायची की नाही ते ठरते. नुसती वेदना असलेल्या मुलाला ती दिली तर नसता रक्तदाब उतरून ते बेशुद्ध पडेल. ज्यांचे घर दवाखान्यापासून फार लांब आहे त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात ती गोळी शिल्लक आहे का, याची उन्हाळ्यापूर्वी चौकशी करावी. विचारणाऱ्याला कोणी रागावत नाही.

दुसरा प्रश्न एका आईचा होता. रात्री काहीतरी चावल्यासारखे वाटले, पण काय ते दिसले नाही आणि खूणही नाही, तर? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अशा वेळी 'कोळी असेल, मुंगी असेल' म्हणून झोपू नये. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा दुखतही नाही आणि खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. झोपेतून उठून कोणी 'काहीतरी चावले' म्हणाले आणि त्यानंतर उलटी, पोटदुखी किंवा डोळ्यांवर झापड दिसली, तर साप समजूनच सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस तेथे मोफत मिळते.

शेवटची चिठ्ठी सहावीतल्या एका मुलीची होती. तिने लिहिले होते, "सर, मग आता आमच्या घरातले कोळी मारायचे की नाही?" तिला सांगितले ते असे, की जाळी जुनी झाली, धूळ साचली की झाडूने काढावी, घर स्वच्छ ठेवावे. न्हाणीघरातल्या त्या मोठ्या कोळ्याला मात्र राहू द्यावे. त्याची फारच भीती वाटत असेल तर त्याच्यावर डबा पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि परसात नेऊन सोडावे. तो बहुधा दोन दिवसांनी परत येईल, कारण झुरळे घरातच आहेत.